इंग्रजीत नामाचं वर्णन: काय नामाआधी, काय नामानंतर?

निळी शाई

मराठीतून इंग्रजीत भाषांतर करणं आणि इतरांची भाषांतरं तपासणं हे माझं रोजचं काम. यंत्रांची माहितीपुस्तकं, अहवाल, पत्रव्यवहार असा मजकूर असतो. तपासताना माझा सगळ्यात जास्त वेळ 'अ', 'द' किंवा काळ दुरुस्त करण्यात जात नाही, तो जातो नामांच्या आसपास. नामाचं वर्णन करणारे शब्द नको तिथे बसलेले असतात आणि त्यामुळे अख्खं वाक्य उलगडेनासं होतं. चांगली इंग्रजी येणाऱ्यांकडूनही हे होतं, म्हणून हा धागा काढतेय.

नुकताच आलेला एक मसुदा बघा. मूळ वाक्यात होतं, 'गेल्या आठवड्यात बिघडलेल्या यंत्राच्या दुरुस्तीसाठी मागवलेले सुटे भाग'. भाषांतर आलं, 'लास्ट वीक ब्रोकन मशीन रिपेअर ऑर्डर्ड स्पेअर पार्ट्स'. एकही शब्द चुकीचा नाही, पण वाचणाऱ्याला काही केल्या अर्थ लागत नाही.

मी ते असं केलं: 'द स्पेअर पार्ट्स ऑर्डर्ड फॉर रिपेअरिंग द मशीन दॅट ब्रोक डाउन लास्ट वीक'.

आता मराठी वाक्य शेवटाकडून सुरुवातीकडे वाचा. सुटे भाग, मागवलेले, दुरुस्तीसाठी, यंत्र, बिघडलेलं, गेल्या आठवड्यात. इंग्रजीचा क्रम नेमका हाच आहे. आरशात बघावं तसं. मराठीत नाम सगळ्यांच्या शेवटी येतं आणि आपण तोवर निवांत वाट बघतो. इंग्रजी वाचणाऱ्याला नाम लवकर हातात लागतं, उरलेली माहिती त्याला नंतर चालते. आपण मराठीच्या सवयीने सगळं नामाआधी कोंबतो, तिथे घोळ होतो.

मी नव्या लोकांना 'शेपटाचा नियम' सांगते. विशेषण एकटं असेल तर ते नामाआधी येतं, त्याला शेपूट असेल तर ते शेपटासकट नामानंतर जातं. 'अ फुल ग्लास', पण 'अ ग्लास फुल ऑफ वॉटर'. 'अ प्राउड मदर', पण 'अ मदर प्राउड ऑफ हर डॉटर'. 'अ रिटन आन्सर', पण 'ॲन आन्सर रिटन इन पेन्सिल'. 'अ फुल ऑफ वॉटर ग्लास' असं होत नाही.

नामानंतर जाणाऱ्या गोष्टी ओळखायला आपले मराठी प्रत्यय फार उपयोगी पडतात. 'टेबलावरचं पुस्तक' यातला 'वरचं' दिसला की शब्दयोगी अव्ययाचं काम इंग्रजीत नामानंतर: 'द बुक ऑन द टेबल'. 'दिल्लीला जाणारी गाडी' यातला 'णारी' दिसला की 'आयएनजी'चं रूप: 'द ट्रेन गोइंग टु डेल्ही'. 'पेन्सिलने लिहिलेलं उत्तर' यातला 'लेलं' म्हणजे क्रियापदाचं तिसरं रूप. 'करायचं काम' यातला 'आयचं' म्हणजे 'टु': 'वर्क टु डू'. यापैकी कशातच बसलं नाही तर 'हू', 'विच', 'दॅट' घेऊन पूर्ण उपवाक्य करायचं.

तुम्हाला कुठे अडतं ते लिहा. खरी वाक्यं दिलीत तर जास्त बरं.

नवशिका

फार गरज होती या धाग्याची. एक शंका. आमच्या व्याकरणाच्या वहीत लिहिलंय की 'इंग्रजीत विशेषण नामाच्या पुढे येते'. तुम्ही म्हणताय काही गोष्टी नामानंतर जातात. मग पुढे म्हणजे आधी की नंतर? मी इतके दिवस काय समजत होतो तेच कळेना.

निळी शाई

नवशिका, ही तुमची चूक नाही, शब्दच दुटप्पी आहे. रांगेत 'माझ्या पुढे' उभा असलेला माणूस माझ्या आधी असतो, आणि 'पुढचं पान' मात्र या पानानंतर येतं. म्हणून या विषयावर बोलताना मी 'पुढे' आणि 'मागे' वापरतच नाही, 'आधी' आणि 'नंतर' एवढंच म्हणते. वहीतही तसं बदलून घ्या.

उंबरठा

लेख आवडला, पण 'लेला' म्हणजे तिसरं रूप हे इतकं सरळ नाही. माझ्या शिकवणीतली मुलं यातच सगळ्यात जास्त अडकतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मराठीत 'लेला' कुठल्याही क्रियापदाला लागतो. लिहिलेलं पत्र, आलेला माणूस, झोपलेलं मूल, मी घेतलेलं पुस्तक. इंग्रजीतलं तिसरं रूप नामाला लावलं की अर्थ मुख्यतः कर्मणी होतो, म्हणजे त्या नामावर कुणीतरी क्रिया केलेली असते. 'लिहिलेलं पत्र' चालतं, कारण पत्र कुणीतरी लिहिलं. पण 'आलेला माणूस' याचं 'द कम मॅन' होत नाही. माणूस स्वतः आला. तिथे 'द मॅन हू केम' असंच म्हणावं लागतं.

'मी घेतलेलं पुस्तक' यात आणखी एक गोष्ट आहे. पुस्तक कर्म आहे खरं, पण कर्ता 'मी' वाक्यात हजर आहे. 'द बाय मी बॉट बुक' असा प्रकार मी वह्यांमध्ये प्रत्यक्ष पाहिलाय. इंग्रजीत कर्ता सांगायचा असेल तर सरळ उपवाक्य करावं: 'द बुक आय बॉट'. यात 'दॅट' गाळलं तरी चालतं, कारण पुस्तक हे त्या उपवाक्याचं कर्म आहे. 'द मॅन हू केम' मधला 'हू' मात्र गाळता येत नाही, तो कर्ता आहे.

तिसरी गंमत झोपलेल्या मुलाची. झोपणं, बसणं, उभं राहणं ही क्रियापदं 'लेला' घेतात तेव्हा आपण चालू अवस्था सांगत असतो. 'बाकावर बसलेला माणूस' आत्ताही बसलेलाच आहे. म्हणून इंग्रजीत तिथे 'आयएनजी' येतो: 'द मॅन सिटिंग ऑन द बेंच', 'अ स्लीपिंग चाइल्ड'. 'स्लेप्ट चाइल्ड' नाही. आणि 'ॲन अस्लीप चाइल्ड'ही नाही, कारण 'अस्लीप', 'अवेक', 'अफ्रेड', 'अलाइव्ह' ही मंडळी एकटी नामाआधी येत नाहीत. 'द चाइल्ड इज अस्लीप' असं क्रियापदानंतर मात्र येतात.

काही अकर्मक क्रियापदं अपवाद म्हणून नामाआधी येतात: 'फॉलन लीव्हज', 'अ रिटायर्ड टीचर', 'ॲन एस्केप्ड प्रिझनर'. यात क्रिया पूर्ण होऊन नवी अवस्था आली आहे, तीच अवस्था आपण सांगतोय. ही मोजकी आहेत, वाचता वाचता लक्षात राहतात.

निळी शाई

उंबरठा, अगदी बरोबर. मी 'लेला'चं फार सोपं करून टाकलं होतं. नव्या वाचकांनी माझं ते वाक्य उंबरठा यांच्या प्रतिसादासोबतच वाचावं.

रातवा

विशेषणांच्या क्रमावर कुणीच बोललं नाही अजून. आम्हाला ओळीने पाठ करायला लावलं होतं: मत, आकारमान, वय, आकार, रंग, मूळ ठिकाण, पदार्थ, उपयोग, मग नाम. ते खरंच लागतं का?

उंबरठा

पाठ करून परीक्षेत गुण मिळतात, पण लिहिताना कुणी ती यादी आठवत बसत नाही. आणि मराठीचा कानही बऱ्यापैकी तेच सांगतो. 'सुंदर जुनी लाकडी पेटी' आपण म्हणतो, 'लाकडी जुनी सुंदर पेटी' खटकतं. वस्तूचा जो गुण तिच्यापासून सुटा करता येत नाही तो नामाला चिकटून राहतो. लाकूड काढलं तर पेटीच उरत नाही. सुंदर हे आपलं मत, ते सगळ्यात लांब. 'अ ब्यूटिफुल ओल्ड वुडन बॉक्स'. तीनपेक्षा जास्त विशेषणं एका नामाआधी येण्याची वेळ क्वचितच येते, आली तर एखादं नामानंतर पाठवावं.

अर्धविराम

त्याला जोडून स्वल्पविरामाचं सांगतो, कारण इथे सगळेच अंदाजाने मारतात. दोन विशेषणांच्या मध्ये 'आणि' घालून बघा, त्यांची अदलाबदल करून बघा. दोन्ही चाललं तर स्वल्पविराम. 'अ लाँग, टायरिंग जर्नी': लांब आणि थकवणारा, थकवणारा आणि लांब, दोन्ही ठीक. 'अ बिग रेड बॉल': मोठा आणि लाल चेंडू कुणी म्हणत नाही, लाल मोठा चेंडू तर नाहीच. तिथे स्वल्पविराम नको.

समासप्रेमी

शाईताईंच्या पहिल्या उदाहरणातलं 'रिपेअर ऑर्डर्ड स्पेअर पार्ट्स' वाचताना मनात आलं ते लिहितो. विशेषणांइतकंच, किंबहुना जास्त, काम इंग्रजीत नामंच करतात. नामाआधी नाम, त्याआधी आणखी नाम. शाळेत समास शिकलेल्या माणसाला हे अजिबात परकं वाटायला नको. हा आपला तत्पुरुषच आहे. उत्तरपद प्रधान, आधीची पदं त्याचं वर्णन करणारी, मधला संबंध गाळलेला.

'राजवाडा' म्हणजे राजाचा वाडा. वाडा हे मुख्य. 'रेस हॉर्स' म्हणजे शर्यतीचा घोडा, 'हॉर्स रेस' म्हणजे घोड्यांची शर्यत. 'गार्डन फ्लॉवर' हे फूल, 'फ्लॉवर गार्डन' ही बाग. शेवटचं नाम धरायचं आणि उजवीकडून डावीकडे विग्रह करत जायचं. 'कार पार्क फी रिफंड फॉर्म' बघून घाबरू नका. फॉर्म, कशाचा? परताव्याचा. कशाच्या परताव्याचा? शुल्काच्या. कसलं शुल्क? गाड्या उभ्या करण्याच्या जागेचं.

समासात विभक्तीचा प्रत्यय गळतो, तसा इथे बहुधा अनेकवचनाचा 'एस' गळतो. दुकानात हजारो पुस्तकं असली तरी 'बुकशॉप', ब्रश सगळ्या दातांना लावला तरी 'टूथब्रश'. वीस पानांचा अहवाल तो 'अ ट्वेन्टी-पेज रिपोर्ट', दहा वर्षांचा मुलगा तो 'अ टेन-इयर-ओल्ड बॉय'. इथे 'पेजेस' आणि 'इयर्स' लिहिणं ही माझ्या पाहण्यातली सगळ्यात सार्वत्रिक चूक आहे. मधल्या जोडरेषा पण विसरू नका, त्या नसतील तर शब्द सुटे पडतात. 'स्पोर्ट्स कार', 'सेव्हिंग्ज अकाउंट' असे काही शब्द 'एस' टिकवून आहेत, ते तसेच घ्यायचे.

आणि समासाचा अर्थ 'ऑफ'ने फोडलेल्या रूपासारखाच असेल असं नाही. 'अ बॉक्स ऑफ मॅचेस' म्हणजे काड्यांनी भरलेली पेटी. 'अ मॅचबॉक्स' रिकामीही असू शकते.

नवशिका

समासप्रेमी, शाळेत समास पाठ केले तेव्हा इंग्रजीत कामी येतील असं वाटलं नव्हतं. पण एक विचारतो. 'इंग्लिश टीचर' म्हणजे इंग्रजी शिकवणारा की इंग्लंडचा माणूस जो शिक्षक आहे? दोन्ही होऊ शकतं ना?

समासप्रेमी

होऊ शकतं, आणि बोलताना ते जोरावरून कळतं. 'इंग्लिश'वर जोर दिला तर इंग्रजी शिकवणारा. 'टीचर'वर जोर दिला तर इंग्लंडचा शिक्षक. पहिल्यात 'इंग्लिश' हे नाम आहे, भाषेचं नाव. दुसऱ्यात ते विशेषण आहे. 'ब्लॅकबर्ड' ही पक्ष्याची एक जात, जोर पहिल्या पदावर. 'ब्लॅक बर्ड' म्हणजे कुठलाही काळा पक्षी. लिहिताना जोर दिसत नाही, म्हणून शंका राहणार असेल तर 'अ टीचर ऑफ इंग्लिश' किंवा 'अ टीचर फ्रॉम इंग्लंड' लिहून मोकळं व्हावं.

सांजवेळ

मला जागेवरून अर्थ बदलतो त्याबद्दल लिहायचंय. मी पूर्वी जिथे नोकरीला होते तिथे सभांची इतिवृत्तं इंग्रजीत लिहायचं काम माझ्याकडे होतं. एकदा मी 'ऑल द प्रेझेंट मेंबर्स व्होटेड इन फेव्हर' असं लिहिलं. मला म्हणायचं होतं हजर असलेल्या सगळ्यांनी बाजूने मत दिलं. त्या दिवशी तीन सभासद गैरहजर होते. त्यांच्यापैकी एकाने लेखी हरकत घेतली की मी मत दिलेलंच नाही. हरकत रास्त होती. 'द प्रेझेंट मेंबर्स' म्हणजे सध्याचे सभासद, त्यात तेही आले. 'द मेंबर्स प्रेझेंट' म्हणजे हजर सभासद. शब्द तेच, 'प्रेझेंट' फक्त नामाआधी आला, आणि इतिवृत्त दुरुस्त करून पुन्हा सह्या घ्याव्या लागल्या.

तेव्हापासून असे शब्द मी टिपून ठेवते. 'द रिस्पॉन्सिबल पर्सन' जबाबदारीने वागणारा, 'द पर्सन रिस्पॉन्सिबल' ज्याने ते केलं किंवा ज्याच्याकडे ते सोपवलंय तो. 'ॲन इन्व्हॉल्व्ह्ड प्रोसेस' गुंतागुंतीची प्रक्रिया, 'द पीपल इन्व्हॉल्व्ह्ड' त्यात सहभागी लोक.

अर्धविराम

'कन्सर्न्ड' राहिला. 'संबंधित अधिकारी' याचं आपण सर्रास 'द कन्सर्न्ड ऑफिसर' करतो. आपल्याकडे सगळ्यांना ते समजतं, पण बाहेरच्या वाचकाला तो काळजीत पडलेला अधिकारी वाटतो. 'द ऑफिसर कन्सर्न्ड' लिहिलं की प्रश्न मिटतो.

रातवा

म्हणजे 'अटर्नी जनरल', 'कोर्ट मार्शल', 'नोटरी पब्लिक' यातही विशेषण नंतर आहे ते यामुळेच का?

उंबरठा

नाही, तो वेगळा वारसा. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर न्यायालय आणि राज्यकारभारात फ्रेंचचा शिरकाव झाला. फ्रेंचमध्ये बरीचशी विशेषणं नामानंतर येतात, ती घडण या शब्दांत टिकून राहिली. म्हणून काटेकोर लिहिताना अनेकवचन 'अटर्नीज जनरल' असं होतं, नाम 'अटर्नी' हे आहे. याशिवाय 'समथिंग', 'नोबडी', 'एनीवन' यांच्यानंतरच विशेषण येतं: 'समथिंग न्यू'. तिथे अर्थाचा फरक नाही, तसा पायंडाच आहे.

सांजवेळ

उपवाक्यांतल्या स्वल्पविरामाबद्दलही कुणी लिहा ना. मला अजून खात्रीने जमत नाही.

निळी शाई

सांजवेळ, तुमच्या इतिवृत्ताचंच उदाहरण घेऊ. समजा लिहायचंय, 'प्रशिक्षण पूर्ण केलेल्या कर्मचाऱ्यांना भत्ता मिळेल'.

'द एम्प्लॉइज हू हॅव कम्प्लीटेड द ट्रेनिंग विल गेट द अलाउन्स'. स्वल्पविराम नाही. ज्यांनी पूर्ण केलं त्यांनाच भत्ता, बाकीच्यांना नाही.

'द एम्प्लॉइज, हू हॅव कम्प्लीटेड द ट्रेनिंग, विल गेट द अलाउन्स'. आता सगळ्यांनाच भत्ता, आणि सगळ्यांनी प्रशिक्षण पूर्ण केलंय ही जाता जाता दिलेली माहिती.

दोन स्वल्पविरामांनी पैसे कुणाला मिळणार ते बदललं. पहिल्या वाक्यातलं उपवाक्य नामाला निवडून वेगळं काढतं, म्हणून ते चिकटून राहतं. दुसऱ्यातलं काढून टाकलं तरी कोण ते कळतंच, म्हणून ते बाजूला ठेवलंय. अशा बाजूला ठेवलेल्या उपवाक्यात 'दॅट' वापरत नाहीत, 'हू' किंवा 'विच' लागतो.

हे मराठी माणसाला जड जातं याचं कारण मला असं वाटतं की आपलं 'लेल्या'चं रूप हा फरक दाखवतच नाही. 'प्रशिक्षण पूर्ण केलेले कर्मचारी' याचे दोन्ही अर्थ होतात, कुठला ते संदर्भ सांगतो. 'ज्या कर्मचाऱ्यांनी प्रशिक्षण पूर्ण केलंय त्यांना' असं 'जो-तो' वापरून म्हटलं की निवड स्पष्ट होते. म्हणून मी भाषांतराआधी मूळ वाक्यात 'ज्या' आणि 'त्यांना' घालून बघते. अर्थ न बिघडता बसलं तर स्वल्पविराम द्यायचा नाही.

नवशिका

यावर वेगळा धागा होऊ शकतो.

उंबरठा

नामानंतर भरपूर गोष्टी आल्या की आणखी एक धोका येतो. कुठली गोष्ट कुठल्या नामाची ते कळत नाही. परवा एका विद्यार्थ्याने लिहिलं, 'द रिपोर्ट ऑन द ॲक्सिडेंट दॅट वॉज फाउंड इन द ड्रॉवर'. खणात अहवाल सापडला की अपघात? डोकं चालवून कळतं, पण वाचणाऱ्याला थांबावं लागलं. मी त्याला एवढंच सुचवलं की एक गोष्ट नामाआधी उचलून ठेव: 'द ॲक्सिडेंट रिपोर्ट दॅट वॉज फाउंड इन द ड्रॉवर'. मधलं नाम समासात गेलं आणि उपवाक्य आपल्या नामाला येऊन भिडलं. शेपटाचा नियम आणि समास एकत्र वापरायचे ते असे.

दुसरा धोका क्रियापदाला 'ईडी' लागून होणाऱ्या रूपांचा. थॉमस बेव्हर या भाषा-मानसशास्त्रज्ञाचं १९७० सालचं एक वाक्य प्रसिद्ध आहे: 'द हॉर्स रेस्ड पास्ट द बार्न फेल'. 'बार्न'पर्यंत वाचताना घोडा कोठाराजवळून धावतोय असं वाटतं आणि शेवटी 'फेल' येऊन आदळतो. खरा अर्थ, 'कोठाराजवळून पळवलेला घोडा पडला'. 'रेस्ड' हे भूतकाळाचं रूप आणि तिसरं रूप, दोन्ही सारखंच दिसतं. मराठीत 'पळवला' आणि 'पळवलेला' ही रूपं वेगळी असल्याने ही पंचाईत येत नाही. इंग्रजीतही 'रिडन' वापरलं तर कुणी चकत नाही, कारण 'रोड' आणि 'रिडन' वेगळे. म्हणून क्रियापदाची दोन रूपं सारखी असतील आणि घोटाळ्याची शक्यता असेल तर 'दॅट वॉज' गाळू नये. दोन शब्द वाचवायला वाचकाला परत मागे पाठवायचं कशाला?

नवशिका

वाचून वाचून एक वाक्य स्वतः तयार केलंय, तपासाल का?

मराठी: 'कपाटाच्या वरच्या खणात ठेवलेल्या जुन्या निळ्या फायलीतलं सही न केलेलं पत्र'.

माझं इंग्रजी: 'द नॉट साइन्ड लेटर इन द ओल्ड ब्लू फाइल केप्ट ऑन द टॉप शेल्फ ऑफ द कबर्ड'.

शेवटाकडून वाचत गेलो. 'ओल्ड', 'ब्लू' आणि 'टॉप' एकटे आहेत म्हणून नामाआधी ठेवले.

निळी शाई

नवशिका, फार छान. पत्र, फाइल, खण, कपाट, चारही नामं अचूक क्रमाने आली. 'ओल्ड' आणि 'ब्लू'चा क्रमही बरोबर, वय आधी आणि रंग नंतर, मध्ये स्वल्पविराम नाही.

फक्त 'नॉट साइन्ड' नामाआधी नको, तिथे 'अनसाइन्ड' हा एकच शब्द आहे: 'द अनसाइन्ड लेटर'. आणि 'केप्ट' काढला तरी चालेल, 'ऑन द टॉप शेल्फ' एवढ्यावरून फाइल तिथे आहे हे कळतं. मराठीत 'ठेवलेल्या' शिवाय वाक्य जरा उघडं वाटतं, इंग्रजीत वाटत नाही.

आता याच पत्रावर पुढचं करून बघा: 'मी काल तुम्हाला दाखवलेलं, कपाटात सापडलेलं पत्र'. यात दोन 'लेलं' आहेत आणि ते दोन वेगळ्या प्रकारचे आहेत. उंबरठा यांचा प्रतिसाद आधी पुन्हा वाचा.

नवशिका

'द लेटर फाउंड इन द कबर्ड दॅट आय शोड यू येस्टरडे'. सापडलेलं म्हणून तिसरं रूप, दाखवणारा मी म्हणून उपवाक्य. पण आता मी कपाट दाखवलं असं वाटतंय ना?

उंबरठा

वाटतंय. क्रम बदला: 'द लेटर आय शोड यू येस्टरडे, फाउंड इन द कबर्ड'. किंवा सरळ दोन वाक्यं करा. हे तुम्ही स्वतःच ओळखलंत, ते फार महत्त्वाचं.